उजव्या गालावरचा तीळ

"अहो, ही किटली आहे की बदक?" तिनं नवऱ्याच्या चित्रांच्या वहीत डोकावून विचारलं.

डॉक्टरांनी ब्लडप्रेशरसाठी एखादा छंद लावून घ्या म्हटल्यापासून तो रोज दुपारी पेन्सिल घेऊन बसायचा, आणि प्रेशर वाढायचं ते तिच्या शेऱ्यांनीच. किटली, कुंडी, शेजाऱ्यांची मांजर, कुणीच तिच्या तावडीतून सुटलं नव्हतं.

म्हणून या वेळी त्यानं आठवडाभर लपूनछपून, नुसत्या आठवणीवर तिचंच चित्र काढलं आणि भीत भीत पुढे केलं.

चष्मा लावून तिनं ते बराच वेळ न्याहाळलं. नाक जमलं होतं, हनुवटीसुद्धा. मग ती खुदकन हसली. "तीळ चुकला की हो! माझा डाव्या गालावर आहे, तुम्ही उजव्या गालावर काढलात." हसता हसता तिचा आवाज जरासा उतरला. "अडतीस वर्षांत एकदा तरी नीट बघितलंत का माझ्याकडे?"

तो हातातल्या खोडरबराशी चाळा करत बसला. मग ओशाळून म्हणाला, "रोज बघतो. सकाळी तू आरशासमोर वेणी घालतेस ना, तेव्हा पेपरच्या आडून. आरशात तीळ उजव्याच गालावर दिसतो."

"म्हणजे इतकी वर्षं पेपर वाचतच नव्हतात तर!" म्हणत तिनं खोडरबर काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं घातलेली वेणी दोनदा सोडून पुन्हा घातली.