बडीशेप

"वाळू संपली की घड्याळ उलटं करायचं. पाच वेळा. मधे पलंगावरून उतरायचं नाही," प्रज्ञाने बजावलं.

"पाच झाले की बडीशेप मी द्यायची," चैताली म्हणाली. "सगळ्या पाहुण्यांना. मी एकटीने."

"तूच द्यायची."

सात वर्षांची चैताली मांडी घालून बसली. हात आपोआप कुठे कुठे जातात म्हणून तिने ते मांड्यांखाली दाबून ठेवले.

थेरपीच्या मॅडमनी सगळं नीट समजावलं होतं. बसली की स्टार. उठली तर ओरडायचं नाही. आणि कबूल केलेलं बक्षीस, काही झालं तरी, द्यायचंच. चार महिने झाले, चैतालीचं घड्याळ तीनच्या पुढे गेलं नव्हतं.

म्हणूनच प्रज्ञा पाच म्हणाली होती.

"दार ओढून घे," सासूबाई बाहेरून म्हणाल्या. "मागच्या पाहुण्यांच्या डोक्यावर चढली होती, विसरलीस? हे तिसरं स्थळ आहे. माझ्या लेकीचं हिच्यापायी बिनसायला नको."

सिन्नरची माणसं आली. जयभीम झाला, पोहे झाले, नणंदेला शिक्षण विचारून झालं. चहा घेता घेता मुलाच्या आईची नजर फ्रिजवर गेली. तिथे तक्ता चिकटवलेला होता. वर नाव, खाली सोनेरी स्टार.

"चैताली कोण हो?"

सासूबाईंनी प्रज्ञाकडे पाहिलं. नवऱ्याने पंखा एकने वाढवला.

"शेजारची," प्रज्ञा म्हणाली. "माझ्याकडे शिकवणीला येते."

"अच्छा. मग तुम्हाला?"

"अजून नाही."

"होईल गं," बाई प्रेमाने म्हणाल्या. "घाई कशाला? आणि हात गुणाचा दिसतोय तुझा, एवढे स्टार मिळवतात पोरं."

आतल्या खोलीचं दार चार पावलांवर होतं. प्रज्ञा कान देऊन बसली. रोज या वेळेला त्या खोलीतून काहीतरी पडायचं, फुटायचं, नाहीतर पोरगी पलंगावरून धाडकन उडी मारायची. आज पडावं काहीतरी. एकदाच. मग उठून दार उघडता येईल.

आतून आवाज आला नाही.

सासूबाईंनी स्वतःच बडीशेप फिरवली. पाहुणे उठले. "कळवतो" न म्हणता "बैठक कधी घ्यायची?" असं विचारून गेले. सासूबाईंनी लेकीला जवळ घेतलं. मग प्रज्ञाच्या पाठीवरून हात फिरवला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती; तो हात पहिल्यांदाच फिरला.

प्रज्ञाने दार उघडलं.

चैताली तशीच बसली होती. मांड्यांखालचे हात तिने बाहेर काढले, तेव्हा बोटांवर चादरीची नक्षी उमटलेली होती.

"आठ वेळा," ती म्हणाली. "आणि तू शेजारची म्हणालीस ना, तेव्हा मला इतकं हसू येत होतं! तरी हसले नाही. त्याचा एक जास्तीचा स्टार दे."

प्रज्ञाने मान हलवली.

"आता बडीशेप?"

"पाहुणे गेले, राणी."

चैतालीने हॉलमध्ये डोकावून पाहिलं. क्षणभर विचार केला.

"पण ठरलं होतं."

कबूल केलेलं द्यायचंच. प्रज्ञाने ताटलीत बडीशेप ओतली. काठोकाठ. चैतालीने ती दोन्ही हातांनी धरली आणि एक एक पाऊल मोजत निघाली. एक दाणा खाली पडला नाही. सासूबाई कपबश्या उचलता उचलता थांबल्या.

रिकाम्या सोफ्यासमोर जाऊन ती उभी राहिली. थोडी वाकली.

"जयभीम. घ्या ना," ती म्हणाली. "मी शेजारची."

आणि कुणीतरी घेईपर्यंत जागची हलली नाही.