झोपलेल्या बराकीतून

भरतीत उंची मोजायची पट्टी अडगळीत पडली होती. कुलपं आता आपोआप लागत. बराकीत दुपारच्या वरणाचा वास होता.

कारागृह शिपाई व्हायला एकच परीक्षा उरली होती: झोपलेल्या कैद्यांमधून चालत जायचं. कुणाच्याही मनगटावरचा पट्टा भीतीने लाल झाला, की उमेदवार नापास. वयाच्या अटीमुळे रेवतीची ही शेवटची संधी होती.

टोकाला झोपलेल्या म्हाताऱ्या गुंडाप्पांनी अचानक डोळे उघडले. रेवती थबकली. त्यांचा पट्टा हिरवाच राहिला.

"थांबलीस का? चाल की पोरी. तुझी चाल मारकुट्या माणसाची न्हाई."

"उपकार झाले, आजोबा."

"माझे कसले? पट्टा काय माझं ऐकतोय व्हय? नोकरी लागली की चहा तेवढा गरम आण."

तिचे वडील याच बराकीत कैदी असताना वारले, तेव्हा एका शिपायाने शेवटपर्यंत त्यांचा हात धरला होता.