बाभळीचा कणा

फळीची दोन टोकं दोन पोत्यांवर टेकवली होती, मधे खाली हातभर मोकळी जागा. मधोमध उभं राहायचं आणि मोडते का ते बघायचं, एवढंच उरलं होतं. पण व्यंकटी सुतार अर्ध्या तासापासून धार असलेल्या पटाशीलाच धार लावत बसला होता.

बुद्धप्रिया गावातल्या तलाठ्यांची लेक, विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकणारी. समुद्राच्या लाटेवर उभं राहायची फळी ती बनवत होती, आणि तीही देवणीत, जिथून समुद्र गाठायचा तर रात्रभर गाडीत बसावं लागतं. आत थर्माकोल, वरून रेझिनमध्ये भिजवलेलं फायबरचं कापड, आणि थर्माकोलच्या पोटात या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी लाकडी पट्टी, फळीच्या वर वळलेल्या टोकांसारखीच बाक असलेली. तोच फळीचा कणा. आधीच्या दोन फळ्या कण्यातच मोडल्या, कारण पोरीनं सरळ फळकुटातून वाकडी पट्टी कापली होती.

"लाकडाची रेघ तोडली की लाकूड तुटतंय," व्यंकटीनं तिला सांगितलं. मग मूळचीच वाकडी वाढलेली बाभूळ त्यानं चिरली, रंधा मारून पट्टी बोटाहून पातळ केली आणि थर्माकोलच्या दोन भागांमधे चिकटवून दाव्यानं आवळली. औताचं लाकूड असंच निवडतात. पण औत करून दे म्हणायला सहा वर्षांत कुणी आलं नव्हतं. हीही मोडली तर आपला हात गेला, या धास्तीनं त्याला रात्री जेवण गेलं नव्हतं.

"मामा, परवा मालवणला निघायचंय. आता थर्माकोल बी संपलाय," बुद्धप्रिया म्हणाली.

"करणाऱ्याला आधी उभारावं लागतंय," म्हणत तो शेवटी चढला. फळी जराशी लवली, कुरकुरली आणि थांबली. व्यंकटीचा जीव भांड्यात पडला.

"मामा, तुमचं वजन किती?"

"पन्नास असंल."

"आमच्या कॉलेजातला संघपाल ऐंशी किलोचा हाय. तोच उभारणार हाय हिच्यावर." पोरीचा चेहरा उतरला.

दारात तूर निवडत बसलेली, ऐंशीच्या वरच भरेल अशी भामाबाई सूप ठेवून उठली. "सरका."

व्यंकटी बायकोला आडवा झाला. त्याच्या घरात नव्या औताला बाईचा पाय लागू देत नसत, आणि चाळीस वर्षं त्यानं तो नेम मोडू दिला नव्हता.

"हे औत हाय का?" भामाबाईनं विचारलं.

व्यंकटी बाजूला झाला. पदर खोचून, बुद्धप्रियाचा हात धरून भामाबाई चढली. फळी चांगली चार बोटं लवली. आतली बाभूळ एकदाच बोलली आणि गप्प झाली. पोरीनं खाली वाकून पाहिलं, कुठंही चीर नव्हती. तिला हसूच आवरेना. व्यंकटीनं डोळे पुसले आणि भुसा गेला म्हणून सांगितलं.

"मामी, उतरा आता."

भामाबाई कसली उतरते. "ह्याला वढायला बैल लागतेत का गं?"

"न्हाई मामी. लाटच नेती."

"मग हाकणारा बी लागत न्हाई म्हण की," भामाबाई म्हणाली, आणि दोन्ही हात पसरून तिनं गुडघे जरा वाकवले.