उरलेला रविवार

ज्याच्या हाती इतरांचा वेळ वाटण्याचे काम येते, त्याने स्वतः शेवटी घ्यावे, हा धर्मच होय. मात्र शेवटच्याच्या वाट्याला काही उरेल, असे वचन धर्माने कुठे दिलेले नाही.

रुग्णालयात पाळ्या लावणाऱ्या बाईंनी त्या दिवशी तिथेच नोकरी करणाऱ्या तीन जोडप्यांना सुट्टीचा एकेक रविवार एकत्र जुळवून दिला. मग खिडकीशी रुग्णवाहिकेचा चालक आला.

"चार महिने झाले बाई, मी घरी येतो तेव्हा बायको कामावर निघालेली असते. दुसऱ्यांचे संसार जोडता, आमचाही जोडा की!"

"सगळे रविवार वाटून संपले हो," बाई मान खाली घालून म्हणाल्या.

"बरं." त्याने खिडकीतून डबा आत सरकवला. "घरीच विसरली होतीस. वेळेवर जेव."



त्या दोघांना एका वेळी पानावर बसण्याचे भाग्य लाभो.