नकाराचं कारण

स्थळ चौऱ्याण्णव टक्के जुळलं होतं. आता यंत्राला पटेल असं कारण दिलं नाही, तर कायद्याने होकारच धरला जाणार होता.

"मन घेत नाही," शलाका दमून म्हणाली.

"ग्राह्य नाही," भिंतीवरचं यंत्र म्हणालं.

बाबा सोफ्यावरून खेकसले, "अगं, पगार आहे, घर आहे. खोट तरी काय?"

"माहीत नाही, बाबा. त्याची भीती वाटते."

पोह्यांच्या बशा गोळा करता करता आई थांबली. "मलाही यांची वाटली होती. तेव्हा यंत्र नव्हतं, माझे वडील होते. त्यांनीही कारणच मागितलं."

"पुरावा?" यंत्राने विचारलं.

"सोफ्यावर बसलाय."

यंत्राने घरातली जुनी रेकॉर्डिंग तपासली आणि नकार मंजूर केला. आई बशा घासायला आत गेली.