फळ्याची उजवी कड

राज्याची फेररचना झाली आणि उर्दूच्या मास्तरांवर तेलुगू शिकवायची वेळ आली. बाजारहत्नूरच्या प्रशिक्षणात नागोरावांचा पाठ होता. बिघडला तर नोकरी जाणार होती. जन्मभर उर्दू उजवीकडून लिहिणारा हात सवयीनं फळ्याच्या उजव्या कडेला गेला आणि डावीकडून लिहायच्या तेलुगूच्या एका अक्षरातच फळा संपला. “काऊन मास्तर, शेवटाकून सुरवात करून राह्यले?” तरुण शिक्षक खदखदले. खडू ठेवून नागोराव दाराकडं निघाले. तेवढ्यात त्यांचे हेडमास्तर विठ्ठलराव उठले आणि त्यांनीही खडू फळ्याच्या उजव्याच कडेला टेकवला. “पाहा, माझाबी हात तिकडंच जाते. उर्दूची सवय लवकर सुटत नाई.” हसणं थांबलं. नागोराव मात्र उंबऱ्यातच थबकले. विठ्ठलराव यवतमाळकडचे, कचेरीतला प्रत्येक उर्दू कागद ते नागोरावांकडूनच वाचून घेत. नागोराव परत फिरले. “द्या खडू, सायेब,” ते त्यांच्या कानाशी पुटपुटले, “तुमाले उर्दू कुठं येते?”