बिनखिळ्याची पेटी

बापूजींनी नातीसाठी सागवानाची पेटी घडवली, पण तिला एकही खिळा मारला नाही. लेकराच्या हाताला ओरखडा नको म्हणून खाचेत खाच बसवली. नातीचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल तिच्यात राहणार होता. पोळ्याच्या संध्याकाळी त्यांनी झाकण उघडलं, तर बैल जमिनीवर आणि पेटीत गोटे. "उद्या गोटमार हाय, बापूजी," त्यांचा मुलगा म्हणाला. "नदीपल्याडच्या सावरगाववाल्यांवर फेकाले जमवून राह्यलो. रीत हाय आपली." "त्या रीतीनंच माहा डोळा खाल्ला." तेवढ्यात नातीनं ओंजळ पुढे केली. "आबा, हे टोकदार मीनं वेचले." बापूजींच्या उरलेल्या डोळ्यात रक्त उतरलं. त्यांनी तिच्या ओंजळीतले गोटेही पेटीत टाकले, झाकण लावलं आणि लांब खिळे ठोकत सुटले. सागवान तडकलं तरी हात थांबला नाही. मग हातोडा मुलापुढे टाकला. "गोटे पाह्यजे ना? फोड पेटी, लेकीसमोर."